एका बैठकीत किती जण?

पोळा झाला की वडशाहून फोन सुरू होतात. देसाईगंज हे त्या गावाचं कागदावरचं नाव, पण पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत नाटकाच्या माणसाला विचाराल तर तो वडसाच म्हणेल. तिथल्या नाटक कंपन्या दिवाळीनंतरच्या हंगामाची जुळवाजुळव आधीच करून ठेवतात. संहिता हाती येते, नट-नट्या ठरतात आणि मग माझ्यासारख्या पेटीवाल्याला निरोप येतो, एवढी पदं आहेत, चाली लावा. पूर्वी त्यासाठी वडशाला जाऊन मुक्काम टाकावा लागे. आता म्हणतात, चाल पाठवा. गाणारी नटी नागपुरात, तबलजी आरमोरीला, ढोलकीवाला ब्रह्मपुरीकडचा. सगळे एकत्र बसतात ते तालमीचे मोजके दिवस, आणि तोवर प्रत्येकाच्या कानात चाल बसलेली असावी लागते.

मी कुरखेड्याला राहतो. हिवाळाभर गावोगावच्या मंडया आणि शंकरपटांच्या रात्री जागून नाटकांना साथ करायची, उन्हाळ्यात लग्नाचे कार्यक्रम, पावसाळ्यात रोवणी आणि चाली, असं माझं वर्ष चालतं. आमच्याच तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टी रंगभूमीचं नाव दिल्लीपर्यंत गेलं. आनंद झालाच. पण त्या दिवसांत मला सारखं वाटत होतं की ज्या पदांवर आमच्या गावांनी रात्र-रात्र वन्स मोअर दिले, त्यांतली किती आज ऐकायला मिळतील? नाटक पहाटे संपतं, मांडव सुटतो, कंपनी पुढच्या गावाला जाते. चाल राहते ती पेटीवाल्याच्या बोटांत, आणि पेटीवाला गेला की तीही जाते. माझ्या गुरूंच्या कितीतरी चाली अशाच गेल्या. घरी ध्वनिमुद्रणाचं यंत्र घ्यायचं मी मनावर घेतलं, त्यामागे कंपनीला चाल पाठवण्याची सोय होतीच, पण त्याहून मोठं कारण हे होतं.

फोन होता. फोनवर केलेलं मुद्रण चाल कळण्यापुरतं ठीक असतं. पण त्यात पेटी, तबला आणि गळा एकाच पट्टीत मिसळून जातात. तबला वर चढला तर तो नंतर खाली आणता येत नाही, शब्द बुडाले तर वर काढता येत नाहीत. लॅपटॉप हा दुसरा मार्ग. माझ्या ओळखीतले तरुण त्यावरच काम करतात आणि सुंदर करतात. मला तो मानवला नाही. गाणारा आवाज लॅपटॉपमधून फिरून कानात परत येईपर्यंत किंचित उशीर होतो. तो कमी करण्याच्या जागा असतात, पण त्या शोधण्यात गाण्याचा मूड निघून जातो. शिवाय समोर पडदा उघडा असला की माणसं आवाजाच्या रेघा पाहत बसतात. मला कान हवे होते. तेव्हा स्वतंत्र यंत्रच घ्यायचं ठरलं. आवाजाचे ट्रॅक वेगवेगळे साठवणारं, लाल बटण दाबलं की सुरू होणारं, आणि कॉम्प्युटरवाचून चालणारं.

ट्रॅक म्हणजे काय हे घरच्यांना समजावताना मी बांधीचं उदाहरण दिलं. एकाच शेतात धुरे घालून बांध्या पाडल्या की एका बांधीचं पाणी दुसरीला धक्का न लावता काढता येतं. तसा एका ट्रॅकवर तबला, एकावर पेटी, एकावर गळा. प्रत्येकाची पातळी नंतर स्वतंत्रपणे ठरवायची, एखाद्याचं बिघडलं तर तेवढंच पुन्हा करायचं.

ही सोय सामान्य घरात आली ती १९७९ साली. जपानच्या टीॲक कंपनीने टॅस्कॅम या नावाने 'पोर्टास्टुडिओ १४४' काढला. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, टेप दुप्पट वेगाने पळायची म्हणून आवाज बरा. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या घरी बसून त्यावर गाणी भरली. ती भरली होती साथीदारांना चाल कळावी म्हणून. पुढे साथीदारांबरोबर स्टुडिओत तीच गाणी करून पाहिली, पण घरच्या कॅसेटमधला जिवंतपणा काही आला नाही, आणि शेवटी तीच कॅसेट 'नेब्रास्का' या नावाने बाजारात आली. हा किस्सा मला माझा वाटतो. 'चाल पाठवा' म्हणून केलेलं काम कधी कधी मूळ कामापेक्षा खरं निघतं, हे प्रत्येक चाल लावणाऱ्याला ठाऊक असतं.

त्याच्याही आधी, १९६७ साली, बीटल्सनी आपला 'सार्जंट पेपर' हा गाजलेला अल्बम चार ट्रॅकच्या यंत्रांवर केला. जागा संपली की चार ट्रॅक एकत्र करून दुसऱ्या यंत्राच्या एका ट्रॅकवर उतरवायचे आणि पुढचं भरायचं. आपल्याकडे १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर गदिमा आणि सुधीर फडक्यांचं गीतरामायण सुरू झालं. ५६ गीतं, दर आठवड्याला नवं, आणि गाणारे-वाजवणारे सगळे एका वेळी एका जागी. तिथे नंतर सुधारू असं म्हणायला वावच नव्हता. म्हणून ट्रॅक जितके जास्त तितकं गाणं चांगलं, असं मला कधी वाटलं नाही.

पण बाजारात यंत्र विकलं जातं ते ट्रॅकच्याच आकड्यावर. ८, १६, २४, ३२. मीही आधी तोच आकडा पाहत होतो. ओळखीच्या एका साऊंडवाल्याकडे टॅस्कॅमचं 'डीपी-००८ईएक्स' होतं, ते त्याने मला वापरायला दिलं. आठ ट्रॅकचं, हातात मावणारं, चार पेन्सिल सेलवर चालणारं, अंगचेच दोन माइक असलेलं गुणी यंत्र. त्यात एका वेळी दोनच आवाज आत जातात. म्हणजे आधी पेटी आणि गळा भरायचा, मग ते हेडफोनवर ऐकत तबला, मग टाळ, मग कोरस. जगभर घरी संगीत करणारे बहुतेक लोक असंच करतात, कारण ते एकटे असतात.

आम्ही तसं करून पाहिलं. यंत्राचा टिकटिक ताल लावला, मी पेटीवर गायलो, आणि दुसऱ्या दिवशी तबलजी येऊन हेडफोन लावून बसले. आमचे तबलजी माझ्याहून वयाने मोठे, जुन्या संगीत नाटकांत वाजवलेले. त्यांचा ठेका चोख पडला. मात्रा कुठे चुकली नाही. तरी ऐकल्यावर गाणं झोपलेलं वाटलं. त्यांनी हेडफोन काढून ठेवला आणि ते म्हणाले, "गुरुजी, तुमी माह्याकडे पायतच नाही, तं मी समेवर येऊ कसा?"

त्या एका वाक्याने माझा सगळा विचार फिरला. नाट्यपद गाताना गायक तान घेतो, थोडा लांबतो, डोळ्याने खूण करतो. तबलजी त्याला जागा देतो आणि दोघं मिळून समेवर उतरतात. पेटीची साथ तर नावाप्रमाणेच साथ आहे. गळा पुढे, पेटी त्याच्या अर्धं पाऊल मागे. गळा कुठे वळणार हे तो वळताना कळतं. आधी भरून ठेवलेल्या गळ्यामागे पेटी वाजवणं जमतं, पण मग गळ्याला पेटीचा आधार मिळत नाही, कारण तो गाऊन मोकळा झालेला असतो. हे नातं एकमार्गी करून चालत नाही. टिकटिक तालावर तर चढत्या लयीचं पद भरताच येत नाही. आमची लय शेवटाकडे सरकते, आणि तिने सरकायलाच हवं.

मग मी प्रत्येक यंत्राच्या माहितीत एकच रकाना शोधू लागलो. एका वेळी किती आवाज आत जातात? बॉसच्या 'बीआर-८००' मध्ये चार. टॅस्कॅमच्या 'डीपी-२४एसडी' आणि 'डीपी-३२एसडी' मध्ये आठ. दोन्ही यंत्रं भक्कम, खटके आणि सरकपट्ट्या हाताला सुखावणाऱ्या, पण चालतात फक्त विजेच्या ॲडॅप्टरवर. झूमच्या 'आर-१६' मध्ये आठ, आणि ते सहा पेन्सिल सेलवरही चालतं. ट्रॅकचा मोठा आकडा जवळपास सगळीकडे वेगळाच असतो, तो नंतर भर घालण्यासाठी. ज्याच्या घरी चार माणसं एकत्र बसून वाजवतात त्याने खरेदीला जाताना आतल्या वाटा मोजाव्यात, साठवणीच्या खोल्या नंतर.

सेलचा मुद्दा इथे गौण नाही. कुरखेड्यात पावसाळ्यात लाइन जाते ती तासाभरात येईलच असं नसतं. सती नदीला पूर असतो, जंगलातून येणाऱ्या तारांवर झाड पडतं, आणि वायरमन पोचेपर्यंत रात्र होते. आमच्या चाली लावायचे दिवस नेमके हेच. शिवाय लाइन असली तरी जुन्या घरांत अर्थिंगचा भरवसा नसतो. ॲडॅप्टर लावला की आवाजात एक बारीक घरघर उतरते, आणि इन्व्हर्टरवर ती आणखी वाढते. सेलवर यंत्र लावलं की घरघर साफ जाते. हा फरक हेडफोन लावून एकदा ऐकला की सेलच्या खर्चाबद्दल मनात शंका राहत नाही. मी चार्ज होणारे सेल घेतले, दोन संच. कंडेन्सर माइकला यंत्राकडून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, त्याला फॅन्टम म्हणतात. तो चालू ठेवला की सेल झपाट्याने उतरतात. म्हणून मी बहुतेक काम साध्या डायनॅमिक माइकवर करतो. स्टेजवर मार खाल्लेले माइक घरी उत्तम चालतात, आणि ते लांबचा आवाज कमी घेतात, हे तर आमच्याकडे वरदानच, कारण पाऊस पडून गेला की बांध्यांमधल्या बेडकांचा आवाज घरात माणसाच्या बोलण्याइतका ऐकू येतो.

शेवटी 'आर-१६' घेतलं, वापरलेलं. २००९ साली बाजारात आलेलं हे यंत्र आता जुनं झालं, छोटा पडदा आहे, त्यावर दोन ओळी दिसतात. विकणाऱ्याकडे मी आठही वाटांना आळीपाळीने माइक लावून पाहिला, प्रत्येक सरकपट्टी वरखाली करून ऐकली, कारण धूळ बसलेली पट्टी खरखरते. फॅन्टम फक्त दोन वाटांना मिळतो, तेवढा पुरतो. २४ बिटमध्ये भरलं तर एका ट्रॅकला मिनिटाला आठ एमबीच्या आसपास जागा लागते, म्हणजे आठ ट्रॅकना तासाला चार जीबीहून थोडी कमी. ३२ जीबीच्या कार्डात आख्खी बैठक आरामात मावते.

यंत्र घेतल्यावर पहिलं मोठं काम नाटकाचं झालंच नाही, रोवणीच्या गाण्यांचं झालं. आमच्या बांधीत रोवणीला येणाऱ्या बायांमध्ये काहींना कितीतरी गाणी येतात. चिखलात वाकून, पऱ्हे रोवत, ओळीने मागे सरकत त्या गातात. दोघी उचलतात, बाकीच्या झेलतात. मला ती गाणी लहानपणापासून ऐकू येत होती. पण बांधीत माइक नेणं म्हणजे पाण्यात यंत्र नेणं, म्हणून रोवा संपल्यावर एका दुपारी त्यांना घरी बोलावलं. चहा झाला, हसणं झालं, आणि मी उचलणाऱ्या दोघींपैकी मोठीला हेडफोन दिला. तिने तो कानाला लावला, लगेच काढला. "हे कानात घातलं तं मले तिचा आवाज कसा आयकू येईन?" तिचं बरोबर होतं. हेडफोन बाजूला ठेवला. दोघींना समोरासमोर बसवलं, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, आणि दोन माइक असे ठेवले की एकीच्या माइकची पाठ दुसरीकडे. झेलणाऱ्या बाया अर्धवर्तुळात, त्यांच्यासाठी दोन माइक थोडे लांब, डोक्याच्या उंचीवर. पाचवा माइक भिंतीपाशी, खोलीचा आवाज घ्यायला.

माइक एकमेकांपासून किती लांब ठेवावेत याचा एक ठोकताळा आहे. माइक तोंडापासून जितका लांब, त्याच्या निदान तिप्पट अंतरावर दुसरा माइक. नाहीतर एकच आवाज दोन माइकमध्ये मागेपुढे पोचतो आणि मिसळताना पोकळ होतो. आमच्या खोलीत ते अंतर सगळीकडे पाळता आलं नाही, आणि थोडा आवाज एकमेकींच्या माइकमध्ये शिरला. मी तो तसाच राहू दिला. त्या शिरलेल्या आवाजातच त्या एकत्र बसल्याचं कळतं. गाता गाता बायांचे हात आपोआप हलू लागले, पऱ्हे रोवल्यासारखे, आणि त्याबरोबर श्वास एकत्र पडू लागला. दोन वाटांच्या यंत्रावर हे कधी मिळालं नसतं. एकेकीला वेगळं गाऊन घेतलं असतं तर शब्द आणि सूर मिळाले असते, झेल मिळाला नसता.

त्या गाण्यांच्या प्रती मी प्रत्येकीच्या घरच्या फोनवर टाकून दिल्या. बाहेर कुठे लावायचं असेल तर त्यांना विचारून. गाणं त्यांचं आहे, यंत्र माझं आहे म्हणून ते माझं होत नाही. या बाबतीत मी हट्टी आहे आणि राहणार. आमच्या भागात गाणी न्यायला येणारे पुष्कळ, परत आणून देणारे कमी.

खोलीबद्दल सांगायला हवं, कारण यंत्राइतकाच तिचाही हात असतो. घराला पुढे टिनाचं छप्पर आहे, तिथे पावसात काही करता येत नाही. मागच्या कवेलूच्या खोलीत आम्ही धान ठेवतो. दिवाळीनंतर मळणी होऊन पोती भिंतीला लागली की ती खोली इतकी शांत होते की टाळी वाजवली तरी आवाज तिथेच विरतो. ढोलकीचा घुमारा पोती गिळून टाकतात, आणि थाप स्वच्छ ऐकू येते. पावसाळ्यात पोती कमी, तेव्हा तणसाचे भारे लावतो. तणसही आवाज छान शोषतं, पण त्याची बारीक धूळ पेटीच्या सुरांत आणि यंत्राच्या पट्ट्यांत जाते, म्हणून भाऱ्यांवर जुन्या गोधड्या टाकतो आणि काम झालं की यंत्र कापडात गुंडाळून डब्यात ठेवतो.

नाटकाच्या बैठकीत आता वाटा ठरलेल्या आहेत. तबल्याला एक, डग्ग्याला एक. ढोलकीला दोन, कारण तिची दोन तोंडं दोन स्वभावांची. पेटीला एक, भात्यापासून दूर. भात्याजवळ माइक ठेवला की सुराआधी श्वास ऐकू येतो. गळ्याला एक. टाळ-कोरस मिळून एक. आठवी वाट ऑक्टोपॅडला, कारण आजच्या प्रेक्षकांना तो हवाच असतो. पातळी मी मुद्दाम कमी ठेवतो. ढोलकीची एक जोरकस थाप आली आणि आवाज फाटला तर तो कोणत्याही यंत्राने शिवता येत नाही. गायक तान चुकला तर तेवढ्याच जागी आत शिरून पुन्हा गाता येतं, तशी सोय यंत्रात आहे, पण आम्ही बहुधा आख्खं पद पुन्हा घेतो. दुसऱ्यांदा सगळेच मोकळे वाजवतात.

शेवटची मिसळणी त्या दोन ओळींच्या पडद्यावर करणं डोळ्यांना जड जातं. कंपनीला पाठवायची चाल मी यंत्रावरच मिसळून देतो. जे जपून ठेवायचं आहे ते ट्रॅक कार्डातून काढून नागपूरच्या स्टुडिओत नेतो. साध्या वेव्ह फायली असल्यामुळे त्या कुठेही उघडतात, आणि यंत्र उद्या बंद पडलं तरी काम अडकून राहत नाही. यंत्र निवडताना ही गोष्ट जरूर पाहावी. काही जुनी यंत्रं आपल्याच भाषेत फायली साठवतात आणि ती गेली की कुलूप राहतं, किल्ली जाते.

कोरचीकडचा एक मुलगा मध्यंतरी विचारायला आला होता. तो एकटा गोंडीत रॅप करतो, ताल फोनवर बनवतो, आणि त्यावर स्वतःचा आवाज चढवतो. त्याला मी 'आर-१६' घेऊ नको म्हणालो. दोन वाटांचं छोटं यंत्र त्याच्या कामाला नेमकं आहे, खिशाला परवडतं, आणि मोटरसायकलच्या डिकीत मावतं. त्याने तसंच घेतलं, आणि त्याचं काम माझ्यापेक्षा वेगाने चाललंय.

माझ्यासमोर आता वेगळं काम आहे. गुरूंच्या बरोबरीचे एक पेटीवादक अजून आहेत, ऐंशीच्या पुढचे, वैनगंगेच्या पलीकडे राहणारे. १९७० च्या दशकातल्या नाटकांची पदं त्यांना चालींसकट आठवतात. गळा थकलाय, पण बोटं चालतात, आणि ते बोटांनी गातात. त्यांच्यासोबत आमचे तबलजी बसणार, मी शब्द सांगणार. हंगाम होळीच्या सुमारास सरला की लगेच, ऊन तापायच्या आत. त्यांनी एकच अट घातली आहे, पायपेटीवर वाजवीन, हातपेटीवर नाही. आमच्या जुन्या पायपेटीचा भाता फाटलेला होता. तो कातडं लावायला नागपूरला दिला आहे.